सीट वगळून

महिनाभर परदेशातल्या कारखान्यात मशीनं दुरुस्त करून फिटर परत आला, तो डोक्यात एकच खूळ घेऊन. तिथे बायका बसून काम करत होत्या.

कंपनी तीच, जाकिटं तीच, टिचबटण ठोकायचं मशीनही तेच. इथे त्याची बायको त्या मशीनवर डाव्या पायावर उभी राहते आणि उजव्याने दिवसभर पॅडल दाबते. संध्याकाळी डावा पाय सुजून टम्म. डॉक्टरने सांगून टाकलंय, उभं राहणं सोडा, नाहीतर पाय जाईल. तिथे मशीनलाच लोखंडी सीट. आता तिथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. लघवीला जायचं तर हात वर करून परवानगी मागायची. इथे तो त्रास नाही, कारण बायका पाणीच पीत नाहीत.

"आपल्या मशीनच्या सीटा कुठे गेल्या?" त्याने स्टोअरकीपरला विचारलं.

"मागवल्याच नाहीत. सीट वगळून घेतलं की स्वस्त पडतं."

"आणि तिकडे?"

"तिकडे कायदा आहे म्हणे. इथे तुझी बायको आहे."

फिटरने भंगारातून पत्रा उचलला, पाइप कापला आणि सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी सीट बसवून टाकली. बायको आधी घाबरली, मग बसली. शेजारच्या मशीनवरची मावशी म्हणाली, "काय गं महाराणी, वारा घालू का?"

दुपारी सुपरवायझर आला. आता हा सीट काढायला लावणार, म्हणून फिटर भांडायच्या तयारीत. पण सुपरवायझर हसला.

"छान केलंस. सगळ्यांना करून दे. आराम मिळतोय म्हटल्यावर उद्यापासून तासाला दहा जाकिटं जास्त. सगळ्या लाइनला."

आणि गेला. भांडायला माणूसच उरला नाही.

लाइनवरच्या सगळ्या बायका वळून त्या सीटकडे बघू लागल्या. बायको उठून उभी राहिली.

"काढा ना अहो ती," ती हळूच म्हणाली. "माझ्या पायापायी सगळ्यांच्या मानेवर बोजा नको."

फिटरने पाना काढला, पण हात चालेना. याच हातांनी महिनाभर तिकडच्या बायकांच्या सीटा आवळून दिल्या होत्या.

मावशीने मशीन थांबवलं. "ठेव रे तो पाना खिशात. गेल्या वर्षी त्या मेल्याने दोनदा तासाचा माल वाढवला, तेव्हा कोण बसलं होतं? सगळ्या उभ्याच होतो. बस गं तू."

"आणि उद्या?" बायकोने विचारलं.

"उद्या होईल तेवढं होईल. आम्हाला काय चार हात फुटणार आहेत?"

बायकोने लाइनभर नजर फिरवली. नको कोणी म्हणालं नाही. हो म्हणायचंही त्राण कोणात नव्हतं. ती बसली, डावा पाय हळूच लांब केला, आणि तिला भलीमोठी जांभई आली. मग तिने पुढचं जाकीट ओढलं.