खुडणाऱ्यांच्या घरातलं डाळिंब

निपाणीच्या शिवारात माझ्याइतकी झरझर तंबाखू खुडणारी बाई नाही, असं आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडूबाई. सुनेचं कौतुक करणं त्यांच्या जिवावर येतं, तेव्हा ते खरंच असणार. तंबाखूच्या झाडाला कळी दिसली रे दिसली की ती शेंड्यासकट खुडायची, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. पान जाड आणि कडक होतं. माहेरी सातव्या वर्षापासून मी हेच करत आले आणि सासरीही तेच वाट्याला आलं. फूल म्हणजे आमच्याकडे चोर.

असल्या घरात आमच्या ह्यांना फुलझाडाचं वेड लागलं.

ह्यांचं नाव मी घेणार नाही. मारुतीराव घेतील तेव्हा ऐका. मारुतीराव बेळगावच्या कँपातल्या, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या छावणीतल्या, बागेचे मोठे माळी. हे तंबाखूचा नमुना घेऊन बेळगावला गेले, की त्या बागेत डोकावल्याशिवाय परतायचे नाहीत. सन तीसची गोष्ट. मारुतीरावांनी त्यांना साहेबाच्या पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. जपानातलं झाड, ताटलीत उभं. उंची दीड वीत, पण खोड जुन्या चिंचेसारखं गाठाळ, आणि वर फुलंच फुलं.

"ह्यात काय अवघड हाय?" हे म्हणाले.

मारुतीराव हसले. "कलगोंडा अण्णा, तुमी तंबाखूवालं. तुमच्या हाताला फूल म्हाईतच न्हाय."

झालं. आमच्या ह्यांना एवढं पुरे होतं. सात वर्षांत असलं झाड फुलवून दिवाळीनंतर बागेत भरणाऱ्या फुलांच्या प्रदर्शनात आणीन, नाहीतर तिथंच मिशी उतरवीन, असं बोलून हे घरी आले. बरोबर फडक्यात गुंडाळलेली डाळिंबाची फांदी होती, तीही मारुतीरावांनीच दिलेली.

ती मिशी साधीसुधी नव्हती. पीळ असा, की बाजारात लोक वळून बघायचे. ती मिशी बघूनच माझ्या वडलांनी मुलगी दिली, असं आत्याबाई सांगतात. मलाही ती आवडायची. खोटं कशाला बोलू? तेव्हा बोलून आले हे, आणि घोर लागला मला.

डाळिंब होतं नुसतं फुलाचं. भरगच्च पाकळ्यांचं, फळ न धरणारं. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "डाळिंब लावायचं आन् दाणा खायाला मिळायचा न्हाय! असलं खूळ कुनी सांगितलं रं तुला?"

ह्यांनी अंगणात खड्डा काढला, तळाला कौल ठेवलं, म्हणजे मुळ्या खाली न जाता बाजूला पसरतील, आणि वर फांदी लावली. दोन वर्षांत झाड पुरुषभर झालं. मग एके सकाळी ह्यांनी ते वीतभर ठेवून कापलं. मी किंचाळले. शेजारपाजारचे जमले. हे मात्र कापल्या जागी शेण लिंपत शांत बसलेले. पुन्हा फुटलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा कापलं. बुडाजवळची एक फांदी तेवढी मोकाट सोडली. "ही खाईल तेवढं खोड जाड हुतंय," हे म्हणाले. ती फांदी इतकी लांबली, की आत्याबाई तिच्यावर लुगडं वाळत घालायच्या. तीन वर्षांनी तीही करवतीनं कापली. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण खोड खरंच माझ्या मनगटाएवढं झालं होतं.

कळ्या दुसऱ्या वर्षापासूनच यायच्या. त्या खुडायच्या, म्हणजे बळ खोडातच राहतं. त्या कामाला हात कुणाचा? माझा. दरवर्षी मी विचारायची, "अवो, एक तरी ठिवू का?" आणि दरवर्षी हे म्हणायचे, "पैलं फूल तुझ्या अंबाड्यात. शब्द दिला. पर आत्ता न्हाय." सात वर्षं त्या सवतीला मी पाणी घातलं आणि माझं फूल मीच खुडत राहिले. मला त्या फुलाची इतकी आस लागली होती, की बस्तीत, आमच्या जैनांच्या देवळात, दर्शनाला गेले तरी डोळ्यांपुढे तेच यायचं.

सहाव्या वर्षी खानापूरच्या कुंभाराकडून उथळ कुंडी करून आणली आणि झाड तिच्यात बसवलं. सातव्या वर्षी ह्यांनी पाणी तोडलं, पानं गळू दिली, मग पुन्हा पाणी सोडलं. दिवाळीला नऊ कळ्या धरल्या. लालभडक, टपोऱ्या. "आता कुनी हात लावायचा न्हाय," ह्यांनी बजावलं. रोज उठून मी आधी कळ्या मोजायची, मग चूल पेटवायची.

पण दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे तंबाखू खुडायचे दिवस. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी उन्हं उतरताना मी मळ्यातून आले. बोटं चिकानं काळी झालेली. आत्याबाई कट्ट्यावर शेंगा फोडत होत्या, शेजारी कुंडी. मी टेकले. आत्याबाईंनी चिकोडीच्या लग्नाची हकीकत काढली. नवऱ्या मुलाची आई कशी रुसली, मांडवात कोण कुणाला काय बोललं, सगळं रंगात आलं. मी हसून हसून बेजार.

"राजमती," आत्याबाई एकदम थांबल्या. "तुझ्या वटीत काय गं?"

मी खाली बघितलं. ओटीत आठ कळ्या होत्या. देठापाशी नखानं साफ खुडलेल्या.

झाडाकडे बघितलं, तर नववी कळीही नाही. म्हणजे ती कुठं खाली पडली असणार. तशी मी रडत रडत कट्ट्याखाली शोधू लागले. तेवढ्यात हे आले. मी तोंड झाकून सगळं सांगितलं. ओरडतील, चार गोष्टी ऐकवतील, असं वाटलं. पण ह्यांनी मुंडाशात हात घालून काहीतरी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. नववी कळी.

"सकाळी तू मळ्यात गेल्यावर पानी घालताना हात गेला," हे पुटपुटले. "म्हटलं, आठ ऱ्हायल्यात, कुनाला कळंल?"

आत्याबाई हसत हसत सुपावर आडव्या झाल्या. मी मात्र मिशीकडे बघितलं आणि मला पुन्हा रडू फुटलं.

"खारीनं खाल्ल्या म्हणून सांगूया," मी म्हटलं.

"मुक्या जिवावर आळ घ्यायचा? जैनाच्या घरात?" हे खवळले. "मिशी गेली तर येती परत."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं हे बोडकं झाड मांडीवर घेऊन बेळगावला गेले. पुढचं त्यांनीच सांगितलेलं. प्रदर्शनाच्या दारात मारुतीरावांना सगळं खरं खरं सांगितलं. मारुतीराव डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, न्हाव्याला बोलवायला माणूस पाठवला, आणि मग त्यांचं लक्ष कुंडीकडे गेलं. ते खाली बसले. खोडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. झाडाभोवती फिरून आले.

"अण्णा, कसं केलासा हे?"

"खुडून," हे म्हणाले.

"मी हितं दहा वर्सं झगडालोय. फूल येतंय, पर झाड काडीगतच. कळी खुडायचं काळीजच हुईना झालंय." मारुतीरावांनी पुन्हा एकदा खोडाला हात लावला. "असलं खोड माझ्या हाताला म्हाईत न्हाय, अण्णा. मिशी ऱ्हाऊ दे."

पण हे ऐकतात कुठले? बोललं म्हणजे बोललं. तोंडावर उपरणं धरून घरी आले. उपरणं काढलं तर खाली भलताच कोणी माणूस! दोन दिवस मी त्यांना डोक्यावरचा पदर सरळ करूनच वाढत होते.

त्यानंतर आमच्या अंगणात नवा कायदा आला. कुंडीजवळ जायचं तर हात पाठीमागे बांधून. मला, ह्यांना, मळ्यातल्या बायकांना, सगळ्यांना. खुडलेलं झाड दुप्पट फुटतं, हे तंबाखूवाल्याला कुणी सांगायला नको. दीड महिन्यात सतरा कळ्या आल्या. गावातले लोक हात मागे घेऊन झाड बघून जायचे आणि बाहेर जाऊन हसायचे.

एके सकाळी पहिलं फूल उमललं. मोठं, लाल, झाडाच्या मानानं थोराड. ह्यांनी मला हाक मारली. ओठावर नुकते खुंट आले होते. म्हणाले, "शब्द दिलता." आणि फुलाकडे हात नेला.

तो हात तिथंच थांबला. लाखभर कळ्या न बघता खुडणारा हात, आणि एका देठापाशी अडून बसला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला इतकं बरं वाटलं, की सात वर्षांचा सगळा राग निघून गेला.

"तोडू नगासा," मी म्हटलं. कुंडी ठेवलेल्या कट्ट्याला पाठ लावून खाली बसले, पदर मागे सारला आणि मान हळूहळू मागे नेली. अंबाड्याला पाकळ्या टेकल्या.

"काय चाललंय रं?" आत्याबाईंनी आतून विचारलं.

"हिला फूल माळालोय," हे म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते.