उरलेली बाही

पाळकसाहेबांनी उन्हाचा चष्मा काढला आणि जागा शोधत शोधत शेवटी इस्त्रीच्या टेबलावर, स्वतःच्याच पांढऱ्या झग्यावर ठेवला. चष्म्याच्या दांड्यांनी कानशिलांवर दोन गोऱ्या रेघा राखल्या होत्या. बाकीचा चेहरा तीन आठवड्यांच्या समुद्राने छान रापला होता.

“आई गेल्या, मला कळवायचं होतंस गं,” ते लेकीला म्हणाले.

“कळवलं होतं. तुमचा फोन बंद होता.”

“हो, नियमच आहे आमचा. सुट्टी म्हणजे सुट्टी.”

लेकीने त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. खिडकीपाशी आईची वेताची खुर्ची होती, पण तिच्यावर ती कुणाला बसू देत नव्हती. आई त्याच खुर्चीत गेली, त्याला बारा दिवस झाले होते.

चर्चच्या कपड्यांचं काम सव्वीस वर्षं आईकडे होतं. वेदीवरची कापडं, गाणाऱ्यांचे झगे आणि पाळकसाहेबांचा हा पायघोळ झगा. दर वर्षी सुट्टीहून परतले की ते विसाव्यावर प्रवचन देत, कडक इस्त्रीच्या झग्यात. आई शेवटच्या बाकावर मान डोलावत ऐके. लेकीला वाटे, डुलकी घेत असेल. घेऊ दे.

“उद्या विसाव्यावरच बोलणार आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “देवानंसुद्धा सातव्या दिवशी हात थांबवले. मग आपण कोण मोठे लागून गेलो? थांबणं हीसुद्धा प्रार्थनाच असते.”

“सातव्याच्या आधी सहा दिवस होते ना?”

“अं?”

“कामाचे.”

रविवारच्या शाळेतल्या पोरांसाठी राखून ठेवलेलं हसू त्यांनी तिला दिलं.

“तिखट आहेस. आई अगदी वेगळ्या होत्या. उद्या त्यांचंच उदाहरण देणार आहे मी. हातात इस्त्री असताना गेल्या. शेवटच्या श्वासापर्यंत सेवा आणि आता कुठे विसावा! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.”

पाणी येईल, हे त्यांनी सामानाच्या यादीतली वस्तू वाचावी तसं सांगितलं. लेकीने पदर नीट केला. सुट्टी मिळायला आईला मरावं लागलं आणि ती सुट्टीही उद्या यांच्याच कामाला येणार होती. पण ते इस्त्रीचं वाक्य तिनेच पसरवलं होतं. पहिल्यांदा शेजारीण म्हणाली होती, “इस्त्री करता करताच खुर्चीत टेकली नि गेली गं बिचारी.” मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लेकीने तेच ऐकवलं होतं, आणि ऐकवताना चर्चच्या दिशेने बघितलं होतं.

“बरं, झगा तेवढा नेतो.” पाळकसाहेबांनी चष्मा बाजूला सारून झगा उचलला. उजवी बाही ताठ होती. डावी चुरगळून लोंबत होती. “अरेच्चा! ही एक राहिलीच की.” त्यांनी आधी बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “दोन मिनिटांचं तर काम. करशील ना? उद्या सकाळीच लागणार आहे.”

ती उठली. बाही करून द्यायची आणि दार उघडून उभं राहायचं, असं तिने ठरवलं. बारा दिवसांत त्या टेबलाला कुणाचा हात लागला नव्हता. तिने इस्त्री उचलली.

वायर मुठीभोवती गुंडाळलेली होती. नीट, वेढ्याला वेढा लावून, टोक आत खोचून.

तिचा हात तिथेच थांबला. हातातला शेवटचा कपडा झाल्याशिवाय आई वायर कधी गुंडाळत नसे. जेवताना नाही, कुणी आलं तरी नाही, वायर टेबलावरून लोंबतच असायची. लेक लहान असताना तिच्यात पाय अडकवून पडायची आणि वर बोलणीही खायची. “गुंडाळली की संपलं,” आई म्हणायची. “मग कुणी का येईना.”

इथे तर एक बाही उरली होती. खुर्ची टेबलाकडे पाठ करून खिडकीकडे वळवलेली होती. खिडकीत कप होता. त्याच्या तळाला चहाचा एक वाळलेला गोल तेवढा होता.

लेक खाली वाकली. टेबलाखाली तिचीच कापडी पिशवी होती. आई गेली त्या आठवड्यात ती दारातूनच देऊन गेली होती, आत आली नव्हती. “शनिवारपर्यंत करून ठेव गं, मला पुढे वेळ नाही.” तिने पिशवी ओढून वरचा कुडता बाहेर काढला. तिचे ऑफिसचे सगळे कुडते घडी करून ठेवलेले होते. एकही राहिला नव्हता. आईने ते झग्याच्याही आधी केले होते.

“काय झालं?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“उद्या तसं सांगू नका.”

“कसं?”

“हातात इस्त्री होती असं. नव्हती. तिनं काम थांबवलं होतं.”

“बरं. मग काय सांगू?”

तिने वरचा कुडता परत पिशवीत ठेवला, इस्त्री टेबलावर ठेवली आणि जाऊन आईच्या खुर्चीत बसली, खिडकीकडे तोंड करून. खुर्ची करकरली.

मागून वायरचा एक एक वेढा सुटल्याचा आवाज आला.

“हिचं बटण कुठं आहे?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“भिंतीवर,” ती न वळता म्हणाली. “आणि आधी पाणी शिंपडा. तशी नाही बसत ती बाही.”