जुलैची शंभर टक्के हजेरी

जुलै लागला की झाडीपट्टीतल्या शाळा निम्म्या रिकाम्या होतात. शिक्षकांना हे ठाऊक असतं, पालकांना ठाऊक असतं आणि तालुक्याच्या साहेबांनाही ठाऊक असतं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाला की घरातले सगळे हात चिखलाने भरलेल्या बांधीत उतरतात, आणि सातवीतली मुलगी पऱ्ह्यांची रोपं रोवण्यात आईच्या बरोबरीची झालेली असते. कागदावर मात्र जुलैतही सगळी मुलं शाळेतच असतात. वाचकहो, आपल्यापैकी कोणाला याचं फारसं नवल वाटत असेल असं मला तरी वाटत नाही.

साकोलीपासून अकरा किलोमीटरवरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक विनोद मेश्राम यांनाही ते वाटेनासं झालं होतं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जनगणना केली, मतदार याद्या केल्या, खिचडीचा तांदूळ मोजला, शौचालयांचे फोटो काढून पाठवले. या सगळ्यातून वेळ उरला तर ते शिकवत. मूल गैरहजर लिहिलं की तालुक्यातून खुलासा मागत, खुलासा दिला की बैठकीला बोलवत. त्यापेक्षा सगळ्यांच्या नावापुढे 'ह' लिहिणं सोपं होतं. पहिल्या वर्षी हात अडखळला होता, आता तोही सरावला होता.

यंदा त्यात बाबुलाल रामटेके गुरुजींच्या पुरस्काराची भर पडली. गुरुजींना साकोलीच्या आसपास ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. त्यांनी तीन गावांत पोरं शिकवली, श्रमदानातून विहार उभा केला, लोकांचे जातीचे दाखले काढून देण्यासाठी सायकलने कचेरीच्या खेपा घातल्या. जिल्ह्याचे भंडारा आणि गोंदिया असे दोन तुकडे झाले त्या साली ते निवृत्त झाले, आणि पुढे दहा वर्षांनी गेले. गुरुजींच्या शाळेत भर रोवण्यातसुद्धा शंभर टक्के हजेरी असायची, असं प्रत्येक भाषणात सांगितलं जाई. म्हणून त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी स्मृती समिती काढली आणि जुलैत सर्वात जास्त हजेरी असलेल्या शाळेला गुरुजींच्या नावाने पुरस्कार सुरू केला. गुरुजींच्या पत्नी पार्वताबाई तो आपल्या हाताने देत.

विनोद मेश्राम तर गुरुजींचा विद्यार्थी. पंचवीस तारखेपर्यंतच्या हजेरीवरून पुरस्कार आपल्या शाळेला मिळाल्याचं कळलं तेव्हा त्याला खरोखर भरून आलं. महिनाअखेरीला तो पार्वताबाईंना निमंत्रण द्यायला मोटरसायकलने निघाला.

पार्वताबाई घरी नव्हत्या. त्यांच्या दोन एकरांत रोवणा चालला होता, आणि त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, छत्री घेऊन बसल्या होत्या. समोर बाहेरगावच्या दहा-बारा बायकांची टोळी चिखलात वाकलेली होती.

"आई, यंदाचा पुरस्कार आपल्या शाळेले भेटून राहिला," विनोद म्हणाला. "जुलैची हजेरी शंभर टक्के."

"शंभर? एकही पोरगं घरी नाही?"

"एकही नाही."

"राजकुमारची रक्षा हाय ना तुह्या शाळेत? सातवीत?"

"आहे ना. रोज हजर आहे."

"आजही?"

"आजही."

पार्वताबाईंनी हातानेच समोर दाखवलं. "मंग ते तिसरी पोरगी कोण हाय, बाबू?"

विनोदने पाहिलं. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पऱ्ह्याची पेंढी. रक्षाच होती. तिने सरांना ओळखलं आणि मान आणखी खाली घातली. विनोदला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून निघून जावं. पण जाणार कुठे?

"वीस दिवस झाले म्हणते टोळीत येऊन," पार्वताबाई म्हणाल्या. "उद्या हे टोळी लाखांदूरकडे चालली, पंधरा दिवसांसाठी. मंग धान कापणं. हिच्या मोठ्या बहिणीचं बी असंच झालं ना? काय नाव तिचं?"

"खुशबू," विनोद पुटपुटला. खुशबू पाच वर्षांपूर्वी अशाच एका जुलैत टोळीबरोबर गेली होती. वर्षभर हजर राहून ती कागदावर पास झाली आणि शाळेत पुन्हा कधी आली नाही.

"मी चिडून नाही राहिली. थकली आता," पार्वताबाई म्हणाल्या. "गुरुजीच्या शाळेत जुलैत शंभर टक्के पोरं होते, हे तुले कोणं सांगतलं?"

"सगळेच सांगतात, आई. भाषणात..."

"भाषणातलंच हाय ते. निम्मे पोरं नसत. तालुक्यात सर्वात कमी हजेरी गुरुजीची राहे. तीनदा नोटीस आली त्याईले. पेटीत हायेत अजून. हजर नाही तं हजर कायले लिहू, म्हणत."

ज्या गोष्टीसाठी आपण पुरस्कार घ्यायला निघालो, त्याच गोष्टीसाठी गुरुजींना नोटिसा आल्या होत्या. हे विनोदच्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

"तू चवथीत होता तवा बांधीत होता, अकरा दिवस. आठवते?"

"आठवते. गुरुजी आले होते धुऱ्यावर. बाबाशी लय वेळ बोलले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो."

"तू बांधीत हाय हे त्याईले कसं मालूम झालं?"

हा प्रश्न विनोदला आजवर पडलाच नव्हता.

"वहीत गैरहजर लिहिलं होतं म्हणून," पार्वताबाई म्हणाल्या. "संध्याकाळी वही उघडत, आन् जेच्या नावापुढं गैरहजर, तेच्या घरी जात. तू तं हिले हजर लिहून बसला, बाबू. आता हिले शोधाले कोण जाईन?"

बायका जेवायला धुऱ्यावर आल्या. विनोदने रक्षाला जवळ बोलावलं. विचारलं, "काहून नाही आली शाळेत?"

"बाबा म्हणत होते, सर घरी आले तं पाठवतो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "तुम्ही आलेच नाही."

त्या संध्याकाळी विनोद राजकुमारच्या घरी गेला. राजकुमारने बसायला खाट टाकली आणि ओशाळून म्हणाला, "सर, हाजरी तं लागूनच राहिली होती. मले वाटलं, चालते."

"चालत नाही. माही चूक झाली. उद्यापासून नाही आली तं गैरहजर लिहीन, आन् रोज संध्याकाळी इथं येईन."

"टोळीत माणूस कमी पडते, सर."

"मालूम हाय. तरी येईन."

दुसऱ्या दिवशी विनोदने जुलैचं पान उघडलं. तेवीस मुलांची खोटी हजेरी लाल शाईने खोडली, प्रत्येक खोडलेल्या नोंदीवर सही केली आणि समितीला पुरस्कार नको म्हणून कळवलं. आठवड्याने तालुक्याची नोटीसही आली. रक्षा लाखांदूरला गेली नाही. बाकीच्यांपैकी सहा जण आठवडाभरात आले, काही आलेच नाहीत, आणि विनोद रोज संध्याकाळी दारोदार फिरून आणखी थकला. थकवा काही गेला नाही, खोटं कशाला सांगायचं.

वाचकहो, आपण मोठ्या माणसांच्या नावाने पुरस्कार काढतो, फोटोला हार घालतो, आणि त्यांच्याविषयी ऐकायला बरं वाटेल तेवढंच लक्षात ठेवतो. त्यांनी सोसलेल्या नोटिसा पेटीतच राहतात. जे मूल समोर नाही ते नाही असं लिहिण्याची हिंमत आधी लागते, त्याच्या दारी जाणं मग होतं. खोटा 'ह' लिहिणारा कोणाचं भलं करत नाही, तो त्या मुलाला शोधायची वाटच बंद करतो. आपल्याही कचेरीत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत असे 'ह' असतील. ते आपले आपणच खोडायचे आहेत.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी विनोदने सातवीची हजेरी घेतली. रक्षाचं नाव पुकारलं. मागच्या रांगेतून "हजर, सर" असा आवाज आला. विनोदने मान वर करून पाहिलं आणि मगच लिहिलं.