एका चुलीचं घर

मी इंदूबाई. मारेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची समिती अध्यक्ष. चार सालापासून आहे. माहा आवाज मोठा आहे, हे सारं गाव सांगते, अन् गाव खोटं नाही सांगत.

बोंडअळीचं साल होतं. संक्रातीच्या आधीच लोकायनं कपाशीच्या उभ्या पराट्या उपटून धुऱ्यावर फेकल्या. वावरात काम नाही, तं साऱ्यायले दुसऱ्याच्या घरात डोकवाले फुरसतच फुरसत. अशात चौथीच्या संघदीप सरनं सव्वीस जानेवारीसाठी एक गोष्ट काढली. नवं पोट्टं ते, पण डोक्यानं तेज. लेकरायले म्हणे, आपापलं घर बनवा. पराटीच्या काड्याचं घर, अन् कवडीचे माणसं. कवडी म्हणजे अळीनं खाल्लेला पिवळा कापूस. बजारात त्याले कोणी हात लावे ना, शाळेत तरी कामी आला.

एका लेकरानं इचारलं, सर, घरात कोणाकोणाले घ्याचं? सर म्हणे, एका चुलीवर जे जेवते ते एक घर. बिचाऱ्याले काय मालूम, पुढं काय होणार आहे ते.

उर्वशीनं आपल्या घरात तीन माणसं लावले. खाली लिवलं: आई, याडी, मी.

आई म्हणजे साधना, माह्याच आळीतली. पोरगी पोटात असताना नवरा सुरतले गेला तो गेलाच. याडी म्हणजे जमनी, बंजाऱ्याच्या तांड्यावरची. गोरबोलीत मायले याडी म्हणते. दोघी संग कापूस वेचाले जात, संग हसत, अन् एक दिवस जमनी आपली पेटी डोक्यावर घेऊन साधनाच्या घरी राहाले आली. तिच्या भावानं लग्नाचं काढलं तं म्हणे, "माहं घर झालं, आता दुसरं नाही पाहाचं." दोघीचा जीव एकमेकीवर, नवराबायकोचा असते तसा. गावाले मालूम होतं. पण तोंडावर कोणी बोले ना, कारण बोललं का साधनाचं ऐका लागे.

किसनराव सर म्हणजे आमचे मोठे गुर्जी. त्यायनं चौथीच्या वर्गातल्या भिंतीवर टांगलेले बाकी घरं राहू देल्ले, अन् उर्वशीचं तेवढं उतरवून कपाटात टाकलं. पोरीले म्हणे, बापाले लाव, मंग टांगतो.

पोरगी घरी गेली ते शाळेत येईच ना. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. साधनानं समजावलं, जमनीनं गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले. हटून बसली. म्हणे, "माहं घर शाळेत चालत नाही, तं मी कशी चालीन?"

नऊ वर्षाची पोट्टी! हे ऐकलं अन् माह्या अंगाची आग आग झाली. चपला घातल्या अन् गेली सरळ शाळेत.

"किसनराव सर, पोरीचं घर कायले उतरवलं?"

"इंदूताई, ही शाळा आहे. असे संबंध लेकरायसमोर मांडाचे का? लेकरं बिघडतीन."

"लेकरं रोज त्यायच्या अंगणात चिंचा खायले जाते. किती बिघडले आजपर्यंत?"

"घरचं वेगळं, शाळेचं वेगळं."

"काहून वेगळं? शाळेच्या भिंतीवर जे दिसते ते लेकराले खरं वाटते, अन् जे तिथं दिसतच नाही त्याची त्याले लाज वाटते. ही पोरगी लाजून घरी बसली, सर. उद्या आणखी कोण्या पोट्ट्याचा पोट्ट्यावर जीव जडला, कोण्या पोट्टीचा पोट्टीवर, तं त्यायनं कोणाकडे पाहाचं?"

गुर्जी कडू माणूस नाही. भेकड आहे. रुमालानं मान पुसली अन् म्हणे, "गावालेच इचारू." त्याले वाटलं, गाव त्याच्याकडून बोलंन. मी म्हणलं, बोलवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाळीस-पन्नास माणसं भिंतीपुढं जमले. साधना अन् जमनी आल्या नाही. गुर्जी म्हणे, "या भिंतीवर कोणाले काय चुकीचं वाटते, मोकळेपणानं सांगा."

झालं! समितीतला देवराव काठी टेकत उठला. "माह्या घरात मी कुठी आहे बे?" त्याच्या नातवानं त्याले लावलंच नोहोतं. सुनेसंग भांडून बुढा दिवाळीपासून छपरीत वेगळी चूल मांडून बसला होता, अन् लेकरानं सरचं ऐकून आजोबाले घरातून काढलं. हसाले लागली भुरीबाई, तं तिच्याच घरात तिचा नवरा नाही! तो दोन्ही येळा मायकडे जेवाले जाये, अन् ही साऱ्यायले सांगे का माह्या हातचंच लागते त्याले. एकानं पाव्हण्या मामाले लावलं. एकीनं कोंबडीले लावलं, कारण कोंबडी चुलीपाशीच बसे. साऱ्या गावाच्या चुली उघड्या पडल्या. जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावे, अन् संघदीप सर मधात दोन्ही हात जोडून उभे. मी पदर तोंडात कोंबून हसून राह्यली होती.

मंग मी आवाज काढला. "चूप बसा सारे! आता सांगा, उर्वशीच्या घरात कोण कमी आहे? कोण जास्त आहे?"

शकुबाई उठली. साधनाच्या शेजारची, अन् जीभ गावात सर्वात तिखट. मले वाटलं आता ही काय ओकते. तं म्हणे, "त्यायच्या घराले कोण काय म्हणंन? तिघी एकाच चुलीवर खाते. धूर माह्याच डोळ्यात जाते रोज."

लोक हसले. काम झालं असं वाटलं. तितक्यात गुर्जीनं कपाटातून दाखल रजिस्टर काढलं अन् पहिलीचं पान उघडलं. "हे पाहा. नाव टाकलं तवा जमनीच्या पुढं मावशी लिवलेलं आहे. मावशी लिवा, मी आत्ताच टांगतो."

अन् माहं हसू जागच्या जागी सुकलं.

ते मावशी मी लिवाले लावलं होतं. पोरीले पहिलीत टाकाले दोघी आल्या, तवा साधना म्हणे, आम्ही दोघी तिच्या माया आहो, तसंच लिवा. मी नवीनच अध्यक्ष झाली होती. मीच म्हणलं, कायले झगडा बापा, मावशी लिव अन् मोकळी हो. साधना तणतणली. जमनी मागं उभी होती. हातात पोरीचं नवं दप्तर. अन् मी घरी जाताना सोताची पाठ थोपटली का कसं हुशारीनं निपटवलं.

साऱ्यायपुढं उभं राहून मी म्हणलं, "ते खोटं आहे, अन् ते मी लिवाले लावलं. मी भेली होती. लोक म्हणतीन काय, खुर्ची राहीन का जाईन, याले भेली. जमनी मावशी नाही. साधनाची जोडीदार आहे अन् उर्वशीची माय आहे. ज्याले पटते त्यानं हात वर करा, ज्याले नाही त्यानं माह्या तोंडावर सांगा."

समितीच्या अकरा जणायतून नऊचे हात वर गेले. पहिला देवरावचा. गुर्जीनं हात वर केला नाही, पण कपाटाची किल्ली संघदीप सरच्या हातात देल्ली. सरनं घर काढलं, फुकून धूळ उडवली अन् मधोमध टांगलं.

सव्वीस जानेवारीले तिघी आल्या. झेंडा झाला, लेकरायले बुंदी भेटली. उर्वशी मैत्रिणीसंग पुढं पळाली, साधनाले बाया घेऊन गेल्या. जमनी नवं लुगडं नेसून अंगणातच उभी. मी म्हणलं, चाल ना वं, पाह्य तं पोरीनं कसं बनवलं.

जमनीनं पाच-सहा दरवाज्यायकडे पाह्यलं अन् हळूच इचारलं, "इंदूबाई, चौथीचा वर्ग कोणता?"

चार साल ही बाई रोज पोरीचं दप्तर घेऊन फाटकापर्यंत आली. मायांचे मेळावे झाले, हळदीकुंकू झाले, निकाल झाले. बोलावणं मायले जाये, मावशीले नाही. जमनी फाटकातूनच वापस जाये. माह्या एका शब्दानं. मले रडू आवरे ना.

"जमने," मी म्हणलं, "माफ कर वं मले."

"ते मंग पाहू," जमनी म्हणे. "आधी वर्ग दाखव."