मावशीच्या गुडघ्यावर मी

मी पट्टी बोलतेय. जखमेवर लावतात ती नव्हे. तिचं काम झाकायचं, माझं उघडं पाडायचं. बोटभर रुंद, वीतभर लांब, सायीसारखी मऊ. पोटात चांदीची नागमोडी रेघ. मी जिथे चिकटते तो सांधा वाकला की ती रेघ ताणते, आणि किती वाकला त्याचा आकडा पडद्यावर उमटतो. मी कुणापुढेही वाकते, पण खोटं बोलत नाही. किती माणसांना जमतं हो हे?

जन्म प्रयोगशाळेतला. मला घडवणाऱ्या संशोधक पोरीने माझ्या अकरा बहिणी ताणून ताणून तोडल्या, मी टिकले. मग तिने मला रबरी माशाच्या शेपटीला चिकटवून टाकीत सोडलं. शेपटी पाण्याखाली किती हलली ते मी बिनचूक सांगितलं. महिनाभर पाण्यात राहिले, साधी शिंकसुद्धा आली नाही.

तिथून उचलून तिने मला लावलं थेट तिच्या मावशीच्या गुडघ्यावर. माझे आकडे आता बिनतारी तिच्या फोनवर पोचू लागले.

मावशी पोहायला शिकवणारी. चाळीस वर्षं भित्र्या लोकांना पाण्यात लोटून, हसत बाहेर काढलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाला शंभर वेळा वाकवायचा. नव्वद अंश वाकेपर्यंत पोहणं बंद!" मावशी घरात अशी येरझाऱ्या घाली, जणू कुणी कोंडून ठेवलंय. पण वाकवायला बसली की पन्नास अंशांवरच जीव कळवळे. ते फक्त तिला ठाऊक आणि मला.

काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पेपर वाचताना पाय हलवायची जन्माची खोड. एका सकाळी मावशीने मला सोलून काढलं आणि त्यांच्या गुडघ्यावर डकवलं.

"अगं, हे काय भलतंच?"

"गप बसा. इतकी वर्षं 'पाय हलवू नका' म्हणून घसा कोरडा केला. आज हलवा मनसोक्त!"

काकांना रान मोकळं मिळालं. चहा निवेपर्यंत नऊशे!

तासाभरात भाची धापा टाकत दारात. "मावशी, झटके येतायत का तुला? नऊशे वेळा गुडघा हललाय, आणि दर वेळी फक्त तीन अंश!"

मावशीला वाटलं होतं, मी नुसती मोजदाद करते. किती वेळा हे मी सांगतेच, पण किती वाकलं तेही सांगते, हे कुणी तिच्या कानावर घातलंच नव्हतं. तिकडे काकांचा पाय अजून हलतच होता. भाचीने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा मावशीकडे.

"माझ्याकडे काय बघतेस?" काका म्हणाले. "मी तर हुकुमाचा ताबेदार."

भाची हसली नाही. मावशीशेजारी बसली. "फार दुखतं का गं?"

मावशीने गुडघ्यावरून हात फिरवला. "जमिनीवर दुखतं."

भाचीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पोहण्याच्या तलावात, कमरेइतक्या पाण्यात, कठडा धरून, कुणीतरी सोबत असताना वाकवायला त्यांनी परवानगी दिली. पाण्यातून बिनतारी आकडे नीट पोचत नाहीत, म्हणून टाकीतल्यासारखीच मला बारीक वायर जोडली. तिचं दुसरं टोक काठावर भाचीच्या यंत्रात. पाण्याने पायाचा भार उचलला आणि पहिल्याच दिवशी एकसष्ट!

"डॉक्टरांना सत्तर कळवू?" भाचीने चिडवलं.

"एकसष्टच कळव. एकदा तोंडघशी पडले तेवढं पुरे."

मग रोज दात-ओठ खाऊन वाकवणं. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. दोन दिवस पुन्हा एकाहत्तर. तेव्हा मला पडलेल्या शिव्या छापण्यासारख्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात भाची काठावरून किंचाळली, "मावशी, नव्वद!"

मावशीने कठडा सोडला.

"अगं, वायर! वायर!"

कोण ऐकतंय? वायर ताणली, मी गुडघ्यावरून फटकन सुटले. पडद्यावर सरळ रेघ आली, पण पडद्याकडे बघतंय कोण? भाची वायरचं टोक धरून उभी, डोळे भरलेले. मीही पाण्यावर तरंगत बघत राहिले. इतके दिवस त्या गुडघ्याला चिकटून होते, पण ती पोहताना कशी दिसते ते कधी दिसलंच नव्हतं. काय दिसते म्हणून सांगू!

सध्या मी कठड्यावर वाळत पडलेय. एक टोक उचललंय, चिकटपणा गेलाय. मला पुन्हा कामाला लावायचं असेल तर खुशाल लावा, माझी ना नाही. फक्त आधी तिला पाण्याबाहेर काढून दाखवा.