गुडघा कोणाचा?

मी एक जुनी नी-कॅप आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, दुकानात टांगलेल्यांतली मी नव्हे! पनवेलजवळच्या एका प्रयोगशाळेत मला यंत्रावर विणलं, तेव्हा साध्या धाग्यांत चांदीचा मुलामा दिलेला धागा घातला. गुडघा वाकला की माझी वीण ताणते, त्या धाग्यातली वीज बदलते आणि कडेची डबी ते मोबाइलवर कळवते. पाहुण्यांसमोर माझं काय कौतुक झालं! मी तर हवेतच होते.

मग थळच्या बंदराच्या धक्क्यावर पाय घसरून मासळी विकणाऱ्या सोनाबाईच्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवणाऱ्या पूनमने मला प्रयोगशाळेतून आणून तिच्या पायात चढवलं. "मावशी, रोज वाकवा. नाहीतर गुडघा आखडेल, मग बाजारात खाली बसणं विसरा."

सोनाबाईचा सगळा जीव त्या बसण्यात. विळीवर सुरमई कापत गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी ती तिनंच! पण पूनमची पाठ वळताच तिनं मला काढून नवऱ्याकडे, मोरूकडे फेकलं. "अवो, तुमीच घाला. तुमचा गुडघा दिसभर वाकतो."

मोरू तिच्या शब्दाबाहेर नव्हता. तो जाळं सांधायला बसायचा, उठायचा, होडीत चढायचा. मी इमानानं सगळं कळवत होते आणि मोबाइल बघून पूनम खूश! ओरडून सांगावंसं वाटे, अगं, हा गुडघा तिचा नाही! पण मला फक्त ताण सांगता येतो, कोणाचा ते सांगता येत नाही. इकडे सोनाबाईचा पाय ताठ होत चालला होता. माझा जीव तुटायचा.

एके दिवशी पूनम न कळवता आली. सोनाबाई खुर्चीवर पाय सरळ सोडून बसलेली आणि मी मोरूच्या पायात! मोरूनं घाईघाईनं लुंगी खाली ओढली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण पूनमनं मोबाइल बाजूला ठेवला, ती जमिनीवर बसली आणि तिनं सोनाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, खूप दुखतं का हो?"

सोनाबाईचे डोळे भरले. "दुखतं गो पोरी. पन त्याहून भ्या वाटतं. वाकवला नि परत फुटला तं?"

"नाही फुटत. मी धरते. थोडासाच वाकवा."

त्या दिवशी मी तिच्याच पायात होते. गुडघा वाकला जेमतेम. मोरूच्या पायावर मी याहून किती तरी जास्त ताणले होते, पण तेव्हा असं भरून आलं नव्हतं.

मग रोज थोडा थोडा वाकवत तो गुडघा मोकळा झाला. आता मी सैल पडले आहे. कोणीतरी मला पिळून कडक उन्हात टाकलं आणि माझी वाचाच गेली. तरी सोनाबाई बाजारात विळीवर बसते, तेव्हा माझीच घडी गुडघ्याखाली घेते.

मित्रांनो, आम्हाला हलक्या हातानं धुवा, पिळू नका. आमचे आकडे जरूर बघा, पण ज्याचं दुखतं त्यालाही विचारा. सोनाबाई बघा, एखादी लंगडत आली की मासळीचा भाव नंतर सांगते. आधी विचारते, "लय दुखतं का गो?"