चौदा क्रौंच

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. अंगावरचा काळा रंग जागोजागी उडालेला, पट्टा तिसऱ्यांदा बदललेला, आणि उजव्या नळीच्या कडेला नखाएवढा एक टवका. त्या टवक्यावर एके काळी बूटपॉलिश चोपडलेले होते. माझी सगळी कहाणी त्या बूटपॉलिशखाली आहे. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल, तेवढा धीर धरा. अपराध सांगायचा असला की माणसे आडवळणाने येतात, मग दुर्बिणीने का येऊ नये?

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. मला दोन नळ्या, त्यांत भिंगे आणि लोलक म्हणतात ते काचेचे ठोकळे. पण दोन नळ्या शेजारी शेजारी बसवल्या म्हणजे दुर्बीण होत नाही. दोघींनी एकाच ठिकाणी पाहायला हवे. त्या टेबलावरच्या बाईने मला प्रथम डोळ्यांना लावले, तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या एका दिव्याचे तिला दोन दिवे दिसले. मग तिने बारीक स्क्रू फिरवत, पुन्हा पाहत, पुन्हा फिरवत ते दिवे जवळ आणले. शेवटी दोहोंचा एक झाला. "जुळली बाई एकदाची!" असे म्हणून तिने मला थोपटले. तेव्हा वाटले, आता आपण जन्मभर असेच जुळलेले राहणार.

पुढे मी एका फोटो काढणाऱ्याच्या कपाटात आले आणि तिथून काटेवाल्यांकडे. काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. सराफाच्या चिमुकल्या तराजूपासून पोती तोलणाऱ्या धिप्पाड काट्यापर्यंत सगळे आजारी काटे त्यांच्या दुकानात यायचे. त्यांची तपासण्याची एक पद्धत होती. कुणी म्हणाले, "काटा चुकीचा दाखवतो," तर ते काट्याला हातच लावत नसत. तेच वजन आधी दुसऱ्या कुणाला तरी ठेवायला सांगत. दुसऱ्याच्या हाताने वजन बरोबर भरले, तर खोट काट्यात नाही, हातात. "काटा खोटं बोलत नाही हो. बोलतो तो माणूस," असे ते हसत सांगायचे. हे वाक्य लक्षात ठेवा. त्यानेच आमचा घात केला.

हिवाळ्याची सुट्टी लागली की काटेवाल्यांच्या अंगात वारे संचारायचे. दर शनिवारी आणि रविवारी पहाटे ते मला गळ्यात घालून गावाबाहेरच्या तळ्यावर जात. सोबत त्यांची नऊ वर्षांची मुलगी. खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरते. घरीदारी सगळे तिला टिटवी म्हणत. टिटवी पक्षी तुम्हाला माहीत असेल. कुणाची चाहूल लागली की आरडाओरडा करून सगळ्या तळ्याला कळवणारा. ही पोरगीही तशीच. हिच्या पोटात काही राहायचे नाही. टिटवीची आई मात्र अशा थंडीत उठायला मुळीच राजी नसे. ती डबा हातात द्यायची आणि "तुमचे पक्षी काही पळून जात नाहीत, उन्हं आल्यावर गेलात तर काय बिघडेल?" असे पुटपुटत पुन्हा पांघरुणात शिरायची.

तळ्यावर आणखी पाच-सात मंडळी जमत. पोस्टातल्या काकू वही सांभाळायच्या. दातांचे डॉक्टर थट्टा करण्याचे काम करायचे. पण आकडा सांगायचा काटेवाल्यांनी, आणि त्यांनी सांगितला की कुणी दुसऱ्यांदा मोजत नसे. वहीत एक नियम होता. जो पक्षी दिसला नाही, त्याच्यापुढे जागा मोकळी सोडायची नाही, शून्य मांडायचे. "नाही दिसला हीसुद्धा नोंदच आहे, काकू," असे काटेवाले म्हणायचे. सगळे वाट बघायचे ती क्रौंचांची. उंच मानेचे ते करडे पाहुणे दर हिवाळ्यात पलीकडच्या काठावर उतरायचे.

त्या दिवसांत मी फार सुखी होते. काटेवाले मला आपल्या शर्टाच्या आत धरून ऊब द्यायचे, म्हणजे काचेवर वाफ धरायची नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती मला ते देत नसत. अपवाद एकच, टिटवी. तिलाही एक अट होती. आधी पट्टा गळ्यात, मग दुर्बीण हातात.

आणि आता तो शुक्रवार. उद्यापासून सुट्टी म्हणून टिटवी शाळेतून उड्या मारत दुकानात आली. काटेवाले गिऱ्हाइकाला सोडायला रस्त्यापर्यंत गेले होते. मागच्या खिडकीसमोरच्या पत्र्यावर एक पारवा पिसे फुगवून बसला होता. तेवढ्यासाठी तिने स्टुलावर चढून मला खुंटीवरून काढले आणि पट्टा न घालताच डोळ्यांना लावले. स्टूल डगमगले. ती सावरली, मी नाही. खाली पाच किलोचे लोखंडी वजन होते, त्याच्या कडेवर माझी उजवी बाजू आदळली.

बाहेरून काही झाले नाही, तो टवका सोडला तर. आत मात्र माझा एक लोलक जागचा हलला. केसभरच. पण ज्या बाईने मला जुळवले होते, तिची सगळी मेहनत त्या केसभरात गेली.

टिटवीने मला उचलून पाहिले. समोरच्या एका पारव्याचे दोन पारवे दिसले. तिने दाराआडून वडिलांच्या बूटपॉलिशची डबी आणली, बोटाने टवक्यावर पॉलिश लावले, फुंकर मारली आणि मला खुंटीला अडकवले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्याच क्षणी ओरडले असते. पण तिथे ओरडू शकणारी एकटी टिटवीच होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर दाट धुके होते. पलीकडच्या काठाच्या करड्या पट्ट्यात काही काळसर माना हलताना दिसल्या. काटेवाल्यांनी मला डोळ्यांना लावले, काच पुसली, पुन्हा लावले. मग आवाज चढवून म्हणाले, "लिहा काकू. क्रौंच, चौदा!"

डॉक्टरांनी स्वतःची दुर्बीण खाली घेतली. "चौदा? मला तर सातच दिसतायत."

पोस्टातल्या काकूंनीही पाहिले. सातच होते.

"काय काटेवाले, आज मापात फारच सढळ हात दिसतोय!" डॉक्टर म्हणाले आणि सगळे खो-खो हसले. काटेवालेही हसले. पण मला धरलेली त्यांची बोटे गार पडत चालली होती. त्यांनी मला पाण्यातल्या एकट्या खांबाकडे वळवले; नुसत्या डोळ्यांना तो धुक्यात धड दिसतही नव्हता. मी दोन खांब दाखवले. जे दिसते तेच दाखवायचे एवढेच मला येते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काटेवाल्यांच्या थोरल्या भावाची दृष्टी ऐन चाळिशीत गेली होती. सुरुवात अशीच झाली होती, लांबचे एकाचे दोन दिसायला लागले होते. आणि काटेवाल्यांना त्या वर्षी एकेचाळिसावे लागले होते.

त्यांनी आपली नेहमीची पद्धत वापरली. तेच वजन, दुसरा हात. त्यांनी माझा पट्टा टिटवीच्या गळ्यात घातला आणि हळू आवाजात म्हणाले, "टिटवे, नीट बघ. किती दिसतायत?"

टिटवीने मला डोळ्यांशी नेले. दोन नळ्यांपैकी एकीतच मला तिचा डोळा दिसला. दुसरा तिने घट्ट मिटून घेतला होता. एका डोळ्याने पाहिले की मी खोटी ठरत नाही, हे तिने आदल्या संध्याकाळीच शोधून काढले होते.

"सात, बाबा. अगदी स्पष्ट."

"आणि खांब?"

"एकच."

"बरं," काटेवाले म्हणाले. झाले. काटा, म्हणजे मी, निर्दोष सुटला; खोट हातात, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत ठरली.

त्यानंतर ते तळ्यावर गेले नाहीत. मला जुन्या वजनांच्या मागे, घरातल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले गेले. सराफांचे नाजूक तराजू ते परत पाठवू लागले. "बारीक काम आता नको. उगाच कुणाचं नुकसान," असे म्हणत आणि फक्त पोत्यांचे काटे दुरुस्त करत. टिटवीच्या आईने डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून जिवाचा आटापिटा केला. पण त्यांचे एकच उत्तर होते, "दादाला डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं आणि सहा महिन्यांत तो काठी टेकत चालायला लागला. मला नाव नको." म्हणजे धडधाकट डोळ्यांचा माणूस रोज सकाळी उठून आधी भिंतीवरचे घड्याळ दिसते का ते पाहायचा.

टिटवी अधूनमधून कपाट उघडायची. माझ्याकडे बघून म्हणायची, "आज सांगते हं." आणि कपाट लावून घ्यायची. चौदा वर्षांची झाली तेव्हा एकदा धीर करून ती मला घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिने तोंड उघडण्याआधीच काटेवाले म्हणाले, "ती ठेव आत, बाळा. माझ्यासमोर आणू नकोस." तिला तेवढेच निमित्त पुरले. मला राग आला होता तिचा, खोटे कशाला बोलू? पण दर वेळी कपाट लावताना तिचा हात जड पडायचा, हेही मी पाहिले आहे. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. आताशा फार बोलत नाही पोरगी, असे लोक म्हणू लागले. माझ्या काचेवर बुरशी चढली.

एकोणीस हिवाळे असे गेले.

विसाव्या वर्षी काटेवाल्यांना खरेच अंधुक दिसू लागले. या वेळी टिटवीने घरी येऊन त्यांना हट्टाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. परत आल्यावर ते कपाटासमोरच्या खुर्चीत बसून बायकोला सांगत होते, ते मी ऐकले. "मोतीबिंदू आहे म्हणे. वयाचा. काढून टाकतील. आणि दादाचा आजार मला कधी नव्हताच म्हणतात. काही खूणसुद्धा नाही. मग गं, त्या दिवशी मला चौदा कसे दिसले?"

टिटवी दारात उभी होती. दुसऱ्याच दिवशी तिने मला पिशवीत घालून एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेले. त्याने मला उघडले, बुरशी पुसली आणि भिंगातून बघत म्हणाला, "जोरात पडली होती ही. लोलक सरकलाय. आणि इथे बूटपॉलिश कुणी लावलं हो?"

"मी," टिटवी म्हणाली. एकोणीस वर्षांत तिने पहिल्यांदा ते कुणाला तरी सांगितले होते.

काटेवाल्यांच्या डोळ्यांची पट्टी निघाली, डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली, तोवर हिवाळ्याची सुट्टी लागली होती. शनिवारी सकाळी टिटवीने मला त्यांच्या मांडीवर ठेवले आणि सगळे एका दमात सांगून टाकले. पारवा, स्टूल, पाच किलोचे वजन, पॉलिशची डबी, मिटलेला डोळा. लहानपणी बोलायची तशी, मध्ये श्वास न घेता.

काटेवाल्यांचे बोट माझ्या टवक्यावरून फिरत राहिले.

"एकदा सांगायचं होतंस गं," ते शेवटी म्हणाले. "मी काय मारलं असतं तुला?"

"नाही, बाबा. तुम्ही नसतंच मारलं. म्हणून तर पुढे सांगायची जास्तच लाज वाटत गेली."

"आणि मी! जन्मभर काटे तपासले, पण हिला उघडून बघावंसं वाटलं नाही मला." टिटवी त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली. त्यांनी तिला थोपटले, पण नेहमीसारखे 'जाऊ दे' म्हटले नाही. मला वाटते, ते त्यांना म्हणवले नाही.

मग ते उठले, मला शर्टाच्या आत घेतले आणि दोघे तळ्यावर गेले. पोस्टातल्या काकू पार थकल्या होत्या, पण वही तीच होती. काटेवाल्यांनी मला पाण्यातल्या खांबाकडे वळवले. खांब एक होता. त्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"एकच आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी मला पलीकडच्या काठावर फिरवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

काकू चाचरत म्हणाल्या, "क्रौंच शोधताय का? तुम्ही यायचं थांबलात, त्यानंतर सहा वर्षं आले हो ते. एकदा तर चाळीस होते. मग येईनासेच झाले."

काटेवाल्यांनी मला खाली घेतले. माझा पट्टा टिटवीच्या गळ्यात घातला, तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून पूर्ण काठ पाहिला, आणि नाही म्हणून मान हलवली.

"लिहा काकू," काटेवाले म्हणाले. "क्रौंच, शून्य."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, कोरडे ठेवा, पट्टा गळ्यात घाला, हे सगळे मी सांगणारच होते. पण त्याहून मोठे मागणे एकच आहे. तुमच्या हातून काही पडले, तर त्याच संध्याकाळी सांगा. पडलेली वस्तू दुरुस्त करायला त्या कारागिराला एक दुपार पुरली. काटेवाले मात्र अजून कधीकधी ती वही मांडीवर घेऊन बसतात, चाळीस क्रौंचांचे ते पान काढतात आणि टिटवीला विचारतात, "हे कसे दिसले असतील गं?" टिटवीला सांगता येत नाही. मलाही नाही. त्या सकाळी मी कपाटात होते.